पुढच्या रांगेतली तहान

आपल्या मुलखातली पाणपोईची सर्वांत जुनी आठवण शोधायची झाली तर पैठणपर्यंत मागे जावे लागते. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'गाथा सप्तशती'मध्ये एका पाणपोईचे चित्र आहे. वाटसरू ओंजळीने पाणी पितो आहे आणि त्याची नजर पाणी घालणाऱ्या तरुणीवर आहे. पिणे लांबावे म्हणून तो बोटांच्या फटी मोठ्या करतो. पाणी गळून जाते. तिच्याही ते ध्यानात येते, आणि तीही हातातली धार बारीक करत जाते. गाथेतला शृंगार रसिकांनी आजवर पुष्कळ वाखाणला आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या काळी वाटेवर पाणी भरून ठेवलेले असे आणि ते घालायला एक माणूस नेमलेला असे. संस्कृतात अशा जागेला 'प्रपा' म्हणत. आपल्या 'पाणपोई'तली 'पोई' ही तिचीच लेक.

वाटसरूच्या तहानेची काळजी आपल्या समाजाने फार पूर्वीपासून घेतली. गर्दीच्या तहानेचे काय? जत्रा, तमाशा, सप्ताह, सभा, जलसा आणि आता ज्याला आपण सर्रास 'कॉन्सर्ट' म्हणतो तो गाण्याचा मोठा कार्यक्रम, अशा ठिकाणी हजारो माणसे तासन् तास एका जागी असतात. त्यातही जो सर्वांत पुढे असतो, त्याची गोष्ट वेगळी आहे. पुढची जागा त्याने तीन-चार तास आधी येऊन मिळवलेली असते. उठला की जागा गेली. मागे वळावे तर माणसांची भिंत. पाणी असते ते मैदानाच्या कडेला, आणि कडेपासून सर्वांत लांब असतो तो हाच. ज्याला सर्वांत चांगले दिसते आणि ऐकू येते, त्यालाच पाणी सर्वांत उशिरा मिळते. आजचा विषय आहे तो या पुढच्या रांगेतल्या तहानेचा.

विषय किरकोळ वाटला तर १६ एप्रिल २०२३ ही तारीख आठवावी. नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर आप्पासाहेब धर्माधिकारी यांना 'महाराष्ट्र भूषण' पुरस्कार देण्याचा समारंभ झाला. राज्याच्या अनेक भागांतून लाखो अनुयायी आले होते. कित्येक जण आदल्या रात्रीपासूनच येऊन बसले होते. व्यासपीठावर छत होते, समोरच्या मैदानावर नव्हते. तापमान ३८ अंशांच्या आसपास, वर समुद्राकाठची दमट हवा. समारंभ दुपारपर्यंत चालला आणि उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. मैदानावर पाण्याची सोय होती, असे आयोजनाच्या बाजूने सांगितले गेले. ती असेलही. पण मैदानावर पाणी असणे आणि बसलेल्या माणसाच्या हातात ते पडणे यांत अंतर असते. त्या अंतराचा हिशेब नळ मोजून लागत नाही. या घटनेनंतर भर उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच या वेळात उघड्या मैदानावर सरकारी कार्यक्रम घेऊ नयेत, असा निर्णय राज्य सरकारने घेतला.

गर्दीत माणसाचे शरीर काय करते, हे समजून घ्यायला आपल्या घरातला माठ पुरेसा आहे. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी हवेत उडून जाते, आणि उडताना ते आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. म्हणूनच आपल्याकडे रांजणाला ओले पोते गुंडाळून तो वाऱ्याला, सावलीत ठेवतात. माणसाच्या घामाचे कामही हेच. आता तोच माठ बंद खोलीत, दहा माठांच्या मधोमध ठेवा. पाझरेल तितकाच, पण गार होणार नाही. कारण पाणी उडून जायला मोकळी हवाच नाही. पुढच्या रांगेतल्या माणसाचे तसेच होते. नुसता स्वस्थ असलेला माणूसही साधारण शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो. अंगाला अंग लागून अशी शे-दोनशे माणसे उभी असली की घाम निथळतो पण सुकत नाही. पाणी जाते, मीठ जाते आणि गारवा मात्र मिळत नाही. त्यात नाचणे, ओरडणे, हात उंचावणे चालू असेल तर तासाला लिटरभर घाम सहज जातो.

साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगातले सव्वा लिटरच्या आसपास पाणी कमी झाले, म्हणजे वजनाच्या दोन टक्के, की थकवा, डोकेदुखी, चिडचिड सुरू होते. तहान लागल्याचे आपल्याला कळते तेही जवळपास याच सुमारास. म्हणजे घसा कोरडा पडेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. एका जागी उभे राहिल्याने रक्त पायांत साचते, मेंदूकडे कमी जाते आणि माणूस उभ्या उभ्या कोसळतो. पुढच्या रांगेत 'चक्कर आली, बाहेर काढा' असा आरडाओरडा होतो त्यामागे बहुधा हेच असते.

आता आपल्या भागातल्या जुन्या गर्दीकडे वळू. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते. जनावरांचा बाजार, तमाशाचे फड, आणि अलीकडच्या काळात लावणी महोत्सव, असा तिचा पसारा. लातूरला सिद्धेश्वराची यात्रा महाशिवरात्रीला भरते. नांदेडला शंकरराव चव्हाण यांच्या स्मरणार्थ होणारा 'संगीत शंकर दरबार' फेब्रुवारीच्या अखेरीस असतो. हे महिने पाहिले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. मोठ्या गर्दीचे कितीतरी प्रसंग थंडीत किंवा उन्हाळा तापण्याआधी येतात, आणि गाण्याबजावण्याचा भाग रात्रीचा असतो. पीक हाती आल्यावरचा मोकळा वेळ, तिथी-नक्षत्र, अशी कारणे त्यामागे आहेत. कोणी उष्माघाताचा विचार करून तिथी ठरवल्या नव्हत्या. तरी पुढे बसणाऱ्याच्या डोक्यावर ऊन नसे, ही त्यातली जमेची बाजू. चैत्र-वैशाखातल्या जत्रांना मात्र ही सवलत नव्हती. नांदेड-लातूरचा पारा त्या दिवसांत चाळिशी ओलांडतो.

अशा वेळी पाणी कसे पुरे? नळ येण्यापूर्वी गावोगावी पखालवाले होते. रेड्याच्या किंवा बैलाच्या पाठीवर कातड्याची पखाल, कधी माणसाच्याच पाठीवर मशक. 'दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला' ही म्हण आज आपण वापरतो, पण पखाल पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. पखालवाला पाणी घेऊन गर्दीत फिरे, हे त्याचे वैशिष्ट्य. सप्ताहाच्या मांडवातही तेच. कीर्तनाला बसलेल्या पुरुषांच्या आणि बायकांच्या मध्ये एक वाट मोकळी असते. गावातली पोरे बादली आणि तांब्या घेऊन त्या वाटेने फिरतात, तांब्या हातोहात आत जातो आणि तसाच बाहेर येतो. पंगतीचा नियमही हाच आहे. जेवणारा पाण्यासाठी उठत नाही. पाणी वाढणारा वेगळा असतो आणि तो रांगेच्या शेवटापर्यंत जातो. गर्दीला पाणी कसे द्यावे याचे सारे शास्त्र या एका रिवाजात आहे. माणूस पाण्याकडे जात नाही, पाणी माणसाकडे येते.

नांदेडला या रिवाजाची आणखी दोन रूपे पाहायला मिळतात. मोहरमच्या दिवसांत मुसलमान बांधव रस्त्यात 'सबील' लावतात. इसवी सन ६८० मध्ये करबलाच्या मैदानावर इमाम हुसेन आणि त्यांच्या सोबत्यांचे पाणी तोडले गेले, त्या तहानेची ही आठवण. येणाऱ्या-जाणाऱ्याला, तो कोणीही असो, पाणी किंवा सरबत दिले जाते. आणि ज्या नगरीत १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहांनी देह ठेवला, तिथे शीख बांधव ऐन उन्हाळ्यात, गुरू अर्जनदेवांच्या हौतात्म्याच्या स्मरणार्थ, 'छबील' लावतात. दुधाचे गुलाबी, गार सरबत रस्त्यावरच्या प्रत्येकाला आग्रहाने पाजले जाते. गुरू अर्जनदेवांचा छळ १६०६ च्या उन्हाळ्यात, तापल्या तव्यावर बसवून झाला, अशी परंपरा सांगते. गंमत अशी की 'छबील' हा शब्द अरबी 'सबील'वरूनच आलेला आहे. एक शब्द दोन धर्मांत गेला आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ तहानलेल्याला पाणी असाच राहिला. २००८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गुरुग्रंथसाहिबांच्या गुरुगद्दीची तीनशे वर्षे नांदेडला साजरी झाली तेव्हा देशविदेशांतून लाखो भाविक आले. एवढ्या गर्दीला सांभाळण्यात सरकारी यंत्रणेचा वाटा होताच. पण लंगर आणि सेवा यांची शेकडो वर्षांची सवयही त्यामागे उभी होती. आनंदपूरच्या लढायांत जखमी शत्रूलाही पाणी पाजणाऱ्या भाई कन्हैयांची कथा ज्या परंपरेत सांगितली जाते, तिथे पाणी देणे हा व्यवस्थापनाचा विषय नसून सेवेचा आहे.

आपल्या पैठणच्या एकनाथांची गोष्टही याच जातकुळीची. रामेश्वराला वाहण्यासाठी काशीहून आणलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली.

पण इतिहास सांगताना फक्त गोड भाग सांगून चालत नाही. पाणपोईवरचे पाणी सर्वांना सारखे मिळत होते, असे म्हणणे खोटे ठरेल. गाथेतल्या वाटसरूची ओंजळ शृंगाराची होती. पुढच्या काळात तीच ओंजळ लाखो माणसांच्या अपमानाची खूण झाली. दलितांना भांड्याला हात लावू न देता, वरून, दुरून पाणी घातले जाई, आणि तेही घालणाऱ्याच्या मर्जीवर. जत्रेत, तमाशात, कीर्तनात त्यांची जागा कडेला. ढोलकी वाजवणारा आणि नाचणारी ज्या समाजांतून आली, त्याच समाजांना समोर बसून घोटभर पाणी मागण्याची चोरी होती. रेल्वे आली तेव्हा स्टेशनांवर 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी' अशा आरोळ्या सुरू झाल्या. पाण्याला रंग नसतो म्हणतात. आपण त्याला जात दिली आणि धर्मही दिला.

गर्दीच्या पाण्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रसंग घडला तो यामुळेच. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. सुमारे दहा हजार माणसे जमली होती. गावात चवदार तळे भरलेले, पण ते यांच्यासाठी नव्हते. परिषदेच्या मांडवातल्या माणसांना प्यायला पाणी हवे म्हणून सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, अशी नोंद बाबासाहेबांच्या चरित्रात धनंजय कीर यांनी केली आहे. दुसऱ्या दिवशी ती गर्दी तळ्याकडे चालत गेली आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्राशन केले. ओंजळ तीच, पण या वेळी तिच्यात वरून कोणी धार धरलेली नव्हती. सत्याग्रहाचे मोल आपण जाणतो. त्या चाळीस रुपयांकडेही जरा थांबून पाहावे. सार्वजनिक पाणी असताना ते गर्दीला विकत घ्यावे लागणे, याचा अर्थ त्या गर्दीला माणसांत मोजलेले नाही, एवढाच होतो.

पुढे आंबेडकरी जलशांनी हा प्रश्न ढोलकी-पेटीच्या साथीने गावोगावी नेला. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी लावलेले हे रोप वामनदादा कर्डक आणि त्यांच्यानंतरच्या शाहिरांनी वाढवले. आज मराठवाड्यात एप्रिलमधला सर्वांत मोठा गाण्याचा कार्यक्रम कोणता, असे विचारले तर उत्तर भीमजयंतीचाच कार्यक्रम असे येईल. १४ एप्रिल म्हणजे उन्हाळ्याचे टोक जवळ आलेले. मिरवणुकीच्या वाटेवर चौकाचौकांत पाणी, सरबत, मठ्ठा यांचे वाटप चालते, आणि रात्री भीमगीतांचे सामने रंगतात. ज्या समाजाला पाणी नाकारले गेले, त्याच्या उत्सवात पाणी सर्वांना, न विचारता, फुकट दिले जाते. महाडचे उत्तर याहून चांगले कोणते असणार!

लातूरचे पाणी आणि गर्दी यांचे नाते तर सगळ्या देशाने पाहिले. मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून लातुरात १४४ कलमाखाली जमावबंदी लागू झाली. पाण्यासाठी जमण्यावर बंदी, ही वेळ आपल्या पिढीने पाहिली. मांजरा धरण कोरडे पडले होते. मग ११ एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' निघाली आणि १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. ज्या मार्गाने हे पाणी आले तो मिरज-पंढरपूर-कुर्डूवाडी-बार्शी-लातूर हा मार्ग म्हणजे जुन्या बार्शी लाइट रेल्वेचाच. ही अरुंद रुळांची गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत आली होती आणि तिने पिढ्यान् पिढ्या कापूस आणि पंढरीचे वारकरी वाहिले. त्याच मार्गाने, रुळ रुंद झाल्यावर, पाणी आले. अशा दुष्काळी भागात मोठा कार्यक्रम ठरवताना पहिला प्रश्न गायक कोण हा असतो. खरे तर पाणी कुठून, हा असायला हवा. २२ ते २४ एप्रिल २०२२ या काळात लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. एप्रिलच्या अखेरीसही आपली माणसे शब्दांसाठी मांडवात येऊन बसतात. अशा माणसांच्या पाण्याची जबाबदारी बोलावणाऱ्याची असते.

ही जबाबदारी सुटली की काय होते, याची उदाहरणे बाहेरच्या जगातही आहेत. जुलै १९९९ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रोम या गावी, जुन्या विमानतळाच्या डांबरी मैदानावर 'वुडस्टॉक ९९' हा तीन-चार दिवसांचा संगीत महोत्सव झाला. पारा ३८ अंशांच्या घरात. आत पाण्याच्या बाटलीला चार डॉलर पडत, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने पावणेदोनशे रुपयांच्या आसपास. फुकट पाण्याच्या नळांवर लांबच लांब रांगा. उष्णतेने एका तरुणाचा जीव गेला, आणि शेवटच्या रात्री संतापलेल्या जमावाने जाळपोळ केली. महाडच्या चाळीस रुपयांशी याची बरोबरी करता येणार नाही. तिथे जात होती, इथे नफा होता. पण तहानलेली गर्दी आणि तिला पाणी विकणारा, ही जोडी दोन्हीकडे आहे.

१७ नोव्हेंबर २०२३ ला ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोच्या स्टेडियमवर टेलर स्विफ्ट या गायिकेचा कार्यक्रम होता. त्या दिवसांत तिथे उष्णतेची लाट होती. बाहेरून पाण्याची बाटली आत नेऊ देत नव्हते. तेवीस वर्षांची एक विद्यार्थिनी कार्यक्रम सुरू झाल्यावर थोड्याच वेळात कोसळली आणि दगावली. उष्णतेमुळे तिचे हृदय आणि श्वास बंद पडल्याचे पुढे तपासणीत निष्पन्न झाले. दुसऱ्याच दिवशी ब्राझीलच्या सरकारने आदेश काढला: प्रेक्षकाला स्वतःची पाण्याची बाटली आत नेऊ द्या, आणि आयोजकांनी फुकट पाणी ठेवावे. बाटली बंद करण्यामागे कारणे सांगितली जातात. कोणी फेकून मारील, कोणी दारू आणील. कारणे खोटी नाहीत. पण बाटली दारात काढून घेतली, की आत पाणी पोचवण्याचे कर्तव्य त्याच क्षणी काढून घेणाऱ्याच्या माथी येते.

युरोपात डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात ३० जून २००० ला मंचासमोरच्या रेटारेटीत नऊ जण गुदमरून मेले. त्यानंतर तिथे पुढच्या भागाचे वेगळे कप्पे केले गेले, आत किती माणसे सोडायची याची मर्यादा ठरली. मोठ्या कार्यक्रमांत आता कठड्याच्या आतल्या मोकळ्या पट्टीतून स्वयंसेवक फिरतात आणि पुढच्या रांगेला पाण्याचे पेले देतात. पेले हातोहात मागे जातात. आपल्या सप्ताहाचा तांब्या तरी याहून निराळे काय करत होता? इतका फिरून जगाचा अनुभव पंगतीच्या नियमावर आला आहे.

पाणी किती आणि कसे प्यावे, याचे उत्तर मिळायलाही एका गर्दीचाच इतिहास कारणी लागला. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधल्या बनगाव इथे, पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांत भरून ठेवले आणि नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. साखरेच्या सोबतीने मीठ आतड्यात लवकर शोषले जाते आणि त्यांच्यामागून पाणी जाते, हे त्यामागचे तत्त्व. आपण ज्याला 'जलसंजीवनी' म्हणतो ती हीच. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, इतके सोपे आहे ते. आल्या-गेल्याला गूळ-पाणी देणारी आपली आजी, मिठाचे ताक, पन्हे, ज्वारीची आंबील हे सारे याच वाटेवरचे. खिशात कांदा ठेवल्याने मात्र ऊन लागायचे थांबत नाही. तो भाकरीबरोबर खाल्लेला बरा.

नुसते पाणी भसाभस पिणेही चांगले नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली. तेरा टक्के धावपटूंच्या रक्तातले सोडियम प्रमाणाखाली उतरलेले होते, आणि त्याचे एक मोठे कारण जादा पाणी पिणे हे होते. म्हणून सूत्र असे ठेवावे. कार्यक्रमाच्या दोन तास आधी दोन ग्लास पाणी, पोटात काही खाणे. रिकाम्या पोटी जाऊन उभे राहू नये. गर्मीच्या गर्दीत दर पंधरा-वीस मिनिटांनी ग्लासभर, घोटाघोटाने. तासाला दीड लिटरच्या वर नाही. दोन-तीन तासांहून जास्त वेळ असेल तर मधे मिठाचे काहीतरी. दारू पिऊन उन्हात उभे राहणे म्हणजे माठाला भोक पाडून तो भरत बसणे. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि वृद्धांनी पुढच्या गर्दीपेक्षा कडेची जागा धरावी. शेजारचा माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर ती नुसती चक्कर नव्हे. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, आणि दवाखान्याची गाडी बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते.

एक गोष्ट मात्र सल्ल्याने सुटणारी नाही. अनेक बायका कार्यक्रमाला जाताना मुद्दामच पाणी पीत नाहीत. तहान लागत नाही म्हणून नव्हे, तर स्वच्छतागृह नसते, असले तर लांब आणि अस्वच्छ असते, आणि गेले तर जागा जाते, म्हणून. वारीपासून सभेपर्यंत आणि जत्रेपासून गाण्याच्या कार्यक्रमापर्यंत आपल्या आया-बहिणी अशा सुक्या घशाने बसत आल्या आहेत. त्यांना 'भरपूर पाणी प्या' असे सांगणे सोपे आहे. पाण्याच्या टाकीबरोबर स्वच्छतागृहांची रांग उभी केल्याशिवाय त्या सांगण्याला अर्थ नाही.

हिशेब फार अवघड नाही. दहा हजार माणसे, तीन तासांचा कार्यक्रम, माणशी तासाला अर्धा लिटर धरले तर पंधरा हजार लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरचे दीड टँकर. 'जलदूत'च्या एका वाघिणीत अशा तीन कार्यक्रमांची तहान भागली असती. मंच, दिवे, आवाज आणि कलावंतांचे मानधन यांच्या खर्चापुढे हा आकडा नगण्य आहे. टँकरपासून कठड्यापर्यंत पेला नेणारे पन्नास हात मात्र आधी ठरवून ठेवावे लागतात. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

नांदेड-लातूरकडे कोणी घरी आले की आधी पाणी पुढे होते, मग नाव-गाव विचारले जाते. मैदानात हजारो माणसांना बोलावणाराही यजमानच असतो. पाहुण्याला पुढची जागा द्यायची आणि पाणी मागे ठेवायचे, याला आपल्याकडे आदरातिथ्य म्हणत नाहीत.